नमुन्यादाखल रोशनी

"रोशनी, तुझ्यासाठी स्थळं आलीत," आईने थेट ऑफिसात फोन केला. "एक मालेगावचं आणि दोन सटाण्याची. अगं, तुझं लग्न ठरलंय हे लोकांना ठाऊक नाही का?"

ही स्थळं कुठून आली ते रोशनीला लगेच कळलं. तिच्या कंपनीने एका वधू-वर सूचक मंडळासाठी सॉफ्टवेअर बनवलं होतं आणि ते कसं वापरायचं याची पुस्तिका लिहिली होती रोशनीने. पानोपानी स्क्रीनशॉट, त्यावर लाल बाण, कसं अगदी झकास! पण चित्रातला फॉर्म रिकामा कसा दाखवणार? खोटी नावं सुचेनात, आणि तिचे वरिष्ठ जयराम सर "आजच छापायला जायला हवं" म्हणून डोक्यावर बसलेले. तिने आपलंच नाव, जन्मतारीख, इंदिरानगरचा पत्ता आणि घरचा फोन ठोकून दिला. 'अपेक्षा' या चौकटीत गंमत म्हणून लिहिलं, 'सासू सोबत राहणारी नको.' वर त्याच चौकटीला बाण काढून सूचना, 'येथे मोकळ्या मनाने लिहा.'

तिने घाईघाईने मंडळाच्या सटाणा शाखेत माहिती भरणाऱ्या धोंडीरामभाऊंना फोन लावला. "धोंडीरामभाऊ, माझं नाव तुमच्याकडे कसं आलं हो?"

"कसं म्हणजे? पुस्तकात लिहेल शे ना, चित्रात दाखवल्याप्रमाणे माहिती भरा. भरली."

"अरे देवा! तो नमुना होता. आधी ते काढा."

"काढायचं पान कोणतं?"

असं पानच नव्हतं. ती सोय सरांनी पुढच्या खेपेसाठी राखून ठेवली होती. "मग दुरुस्तीचं पान उघडा आणि नाव बदला," रोशनी कशीबशी म्हणाली.

धोंडीरामभाऊ आज्ञाधारक माणूस. त्यांनी पुस्तिकेतलं दुरुस्तीचं चित्र समोर धरलं आणि अगदी तस्सं करून टाकलं. नाव चित्रातही रोशनीच होतं, त्यामुळे ते तसंच राहिलं. वर चित्रात 'विशेष स्थळ' या चौकोनात खूण होती, ती मात्र पडली. झालं! मंडळाच्या नव्या यादीत रोशनी पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत. मुलगी शोधणाऱ्या घरोघरी ती यादी टपालाने जाऊन पोचली.

रविवारी ओझरहून तिच्या होणाऱ्या सासूबाई, वत्सलाबाई, दारात हजर. मागे त्यांचा मुलगा नवनाथ, तोंड पाडून. आईने पुढे केलेल्या पाण्याला वत्सलाबाईंनी हातसुद्धा लावला नाही. पिशवीतून यादी काढली आणि टेबलावर आपटली.

"वाचा! सासू सोबत नको म्हणे! आमचं ठरेल असताना हिला दुसरा नवरा पायजे?"

"काकू, तो नुसता नमुना होता हो," रोशनी म्हणाली. तिला नवनाथ मनापासून आवडला होता, आणि आता तो हातचा जातो की काय ही धास्ती. ती धावत जाऊन पुस्तिका घेऊन आली. "हे बघा, हेच चित्र बघून त्यांनी..."

"मला चित्रं नको दाखवू! लग्न मोडलं समजा. चल रे नवनाथ."

नवनाथ हलला नाही. रोशनीला रडू आवरेना.

आईने यादी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. "पण विहीणबाई," खरोखरच काही न कळून तिने विचारलं, "मुलगी शोधणाऱ्यांच्याच घरी जाते ना ही? मग तुमच्याकडे कशी आली?"

नवनाथने हळूच मान वर केली. "आई, तू अजून मुली बघतेस?"

वत्सलाबाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"नुसतं बघत होते रे. बघायला काय जातं?"

"मग? सापडली कोणी?"

"सापडली की," वत्सलाबाई खाली बघत पुटपुटल्या. "शिक्षण बघितलं, उंची बघितली, नोकरी बघितली. अख्ख्या यादीत एकच पोरगी लय आवडली मला. आनंदाने तुझ्या बापाला हाक मारली, आणि मग तिचं नाव वाचलं."