स्पीडब्रेकर आला की उतरायचं

आमच्या किन्हवलीत एक गाडी अशी आहे की स्पीडब्रेकर आला की तिच्यात बसलेल्या माणसाला खाली उतरावं लागतं. गाडी थांबते. मालक म्हणतो, "उतरा वैनी, पुढं व्हा." आपण पिशव्या सावरत मुकाट्यानं उतरायचं, स्पीडब्रेकर चालत ओलांडायचा आणि पलीकडे जाऊन उभं राहायचं. मग गाडी तिरकी होते, एकेक चाक वर चढवते आणि नव्या नवरीनं माप ओलांडावं तशी हळूच पलीकडे येते. आपण परत बसायचं. नीट टेकतो न टेकतो तोच पुढचा स्पीडब्रेकर.

माझं शिलाईचं दुकान आहे. अस्तर, बटणं, फॉल आणायला शहापूरला जावंच लागतं. एस.टी. चुकली की या गाडीचे मालक गजूभाऊ दारातून हाक मारतात आणि मी बावळटासारखी दर वेळी बसते. एकदा तर आमच्या मागून निघालेली एस.टी. आम्हाला ओलांडून गेली. मी तेव्हा एका स्पीडब्रेकरच्या पलीकडे अस्तराचा गठ्ठा घेऊन उन्हात उभी होते. कंडक्टर ओळखीचा. त्यानं खिडकीतून हात केला, वर हसला. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, परत बसले तर नावाची नाही. पुढच्या आठवड्यात परत बसले.

गजूभाऊ आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. मुरबाडच्या एका कारखान्यात लेथवर होते. कारखाना बंद पडला तशी माणसं शेतीकडे वळली, कुणी दुकान टाकलं. गजूभाऊंनी मात्र टेम्पोवर घालून ही गाडी आणली. मुंबईतल्या कुणा शेठच्या बंगल्यामागे वर्षानुवर्षं आंब्याखाली पडून होती म्हणे. लाल रंग, दोनच दारं, नाक लांब आणि छप्पर इतकं खाली की बसताना आधी डोकं घालायचं की आधी बूड, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. मागची सीट नावाला. तिथं एक माणूस आणि एक भोपळा बसेल. टेम्पोतून उतरवली तेव्हा बॉनेटमधून वेल बाहेर आला होता. सगळं गाव म्हणालं, भंगार आणलं. त्यांची बायको सुमनताई तेवढ्या म्हणाल्या, "भंगार नाय, सवत आणली." आणि आत जाऊन त्यांनी चहा टाकला.

त्या सवतीचे लाड काय सांगू! पडवीत तिच्यासाठी लेथ बसला. जो भाग बाजारात मिळेना तो गजूभाऊंनी घरात कातून काढला. गिअरची मूठ सागवानाची केली. डिकीचं झाकण वर राहीना, तर सुमनताईंची चांगली छत्री मोडून तिची दांडी लावली. मग एक जाड सायलेन्सर आला. तो पहिल्यांदा सुरू झाला त्या दिवशी आमच्या आळीतल्या म्हशी संध्याकाळी घरी यायला तयार नव्हत्या. त्यानंतर आखूड स्प्रिंगा आल्या आणि आधीच बुटकी असलेली गाडी जमिनीला टेकली. खाली मांजर बसायचं, ते पण उठून गेलं. गजूभाऊ दहा पावलं मागं जाऊन तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "आता बसली बघा रस्त्याला चिकटून."

पण हौस एवढी असून माणसाला सुख नाही. गजूभाऊंना सतत वाटतं, काहीतरी वाजतंय. गाडी धुवून पुसून उभी असते, हे भुवया आकसून कान देतात आणि म्हणतात, "काय तरी वाजतंय, नाय?" कुणालाच काही ऐकू येत नाही. मग मला बोलावणं येतं. त्यांचं म्हणणं, माझा कान मशीनवर तयार झालाय. टाका सुटला की मला न बघता कळतं, तर हे का कळू नये? म्हणून मी हातातलं ब्लाऊज टाकून बॉनेटवर वाकते. मलाही काही ऐकू येत नाही. पण त्यांचा चेहरा बघून मी परत कान लावते. परत दुकानात आले की मला माझ्या मशीनमध्ये काहीतरी वाजल्यासारखं वाटायला लागतं. दिवसभर तेल घालत बसते.

स्पीडब्रेकरची तर त्यांनी नावं पाडलीत. शाळेचा गरीब आहे. देवळाचा एका बाजूनं खचलाय, तिथं डावीकडून घ्यायची. सरपंचांनी आपल्या घरासमोर करून घेतलेला सगळ्यात दांडगा. तो आला की गजूभाऊंना दहा हात आधीपासून घाम फुटतो. गावातली पोरं चिडवतात, गजूआबा, चेंबर जपा! चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं भांडं. गाडी घासली की आधी तेच फुटतं. आम्ही सगळे हेच धरून चाललो होतो की माणसं उतरली की गाडी हलकी होते आणि चेंबर वाचतं. खरं तर आमच्यापैकी कुणाला तरी आठवायला हवं होतं की आखूड स्प्रिंगा घातल्यावर पहिले काही महिने हे असलं काही नव्हतं. तेव्हा गजूभाऊ आम्हाला आत बसवून खुशाल स्पीडब्रेकरवरून जायचे, खाली घासलं की हसायचे आणि रविवारी वेल्डिंग करायचे. हे उतरवणं सुरू झालं ते गेल्या वर्षीच्या म्हसा गावच्या जत्रेनंतर. पण लोकांना हसायला मिळालं की कारण कोण शोधतंय?

यंदा फाल्गुनात मात्र मला वाटलं, हा माणूस आता हातचा गेला.

झालं असं की गजूभाऊ रोज सकाळी गाडीत एक कळशी घेऊन जायला लागले. तांब्याची, घासून लख्ख केलेली, काठोकाठ पाण्यानं भरलेली. ती पुढच्या सीटवर ठेवायची, तिला पट्टा बांधायचा आणि किन्हवलीहून सरळगावपर्यंत जाऊन परत यायचं. जाताना एकटे, येतानाही एकटे. आल्यावर सीटवरून हात फिरवून बघायचे, ओली झाली का. ओली लागली की तोंड उतरायचं आणि दुपारभर गाडीखाली झोपून राहायचे. नुसते पाय दिसायचे.

वाटेतल्या बायकांनी काय समजायचं ते समजलं. लाल गाडी, पुढं मानानं बसलेली तांब्याची कळशी आणि गाडी देवाच्या पालखीसारखी धिमी. एका थांब्यावर बायकांनी हात करून गाडी थांबवली. एकीनं कळशीला हळदकुंकू लावलं. दुसरीनं चाकांवर पाणी घातलं आणि बॉनेटवर नारळ ठेवला. गजूभाऊंचा जीव बॉनेटच्या रंगात अडकलेला, पण देवाच्या नावानं ठेवलेला नारळ उचल म्हणायचं कसं? तिसरीनं विचारलं, नवस कसला हो दादा? तर म्हणाले, "पोरीचा." हे मला त्यातल्याच एकीनं दुकानात येऊन सांगितलं. तेव्हा कुठं माझं डोकं चालायला लागलं.

गजूभाऊंना एकच मुलगी, रेश्मा. म्हशाला दिलीय. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा ओटी भरून तिला घेऊन यायचं होतं, आणि कळशी बसत होती ती तिच्या जागेवर. रेश्मा आधी एकदा पोटुशी होती, ते राहिलं नाही, एवढं मला ठाऊक होतं. सुमनताई त्यावर बोलत नसत, आणि मीही कधी विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी गजूभाऊ दुकानात आले. सीटचा पट्टा मापाला आणला होता. याच्यावर मऊ खोळ शिवून द्या म्हणाले. सुती पाहिजे, आत कापूस पाहिजे, आणि शिवण वरच्या अंगाला नको, पोटावर काचेल. मी माप घेतलं. मला राहवलं नाही. म्हटलं, कशाला जिवाला घोर लावून घेता, उंच मोठी गाडी भाड्यानं करा की. ते म्हणाले, विहीणबाईंचाही तोच निरोप आहे, या, पण ती गाडी आणू नका. पण रेश्मा फोनवर हटून बसलीय, येईन तर बाबांच्याच गाडीतून.

"मग तिलाही स्पीडब्रेकरला उतरवत आणा," मी आपली हसत बोलून गेले. "तिचंही चालणं होईल, तुमचं चेंबरही वाचेल."

गजूभाऊ स्टुलावर बसले. पट्टा हातात गुंडाळत राहिले.

"मी चेंबरसाठी नाय उतरवत कुणाला, वैनी," ते म्हणाले. "चेंबरला वेल्डिंग करता येतं."

मग त्यांनी सांगितलं. त्या जत्रेच्या वेळी आखूड स्प्रिंगांचं कौतुक अजून ओसरलं नव्हतं. गाडी दाखवायची म्हणून म्हशाला गेले, रेश्माला पुढं बसवलं आणि दोन दिवसांसाठी घरी आणलं. रस्ता खणलेला. गाडी आपटत होती आणि बापलेक हसत होते. तिला दिवस गेलेत हे तिलाही माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात सगळं संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाडीचा काही संबंध नाही, पहिल्या महिन्यांत असं होतं. विहीणबाई दवाखान्याच्या दारात एवढंच म्हणाल्या, त्या गाडीत घालून नेलीत. परत कधी तो विषय काढला नाही. पण गजूभाऊंच्या कानातून ते गेलं नाही. तेव्हापासून कुणी आत बसलेलं असताना त्यांचा पाय स्पीडब्रेकरवर गाडी घालायला धजत नाही.

"नाय म्हणावं तर पोरीला वाटंल, बाप अजून तेच धरून बसलाय," ते म्हणाले. "हो म्हणावं तर गाडी पुढं घालवत नाय. तुमीच सांगा."

माझे डोळे भरून आले होते. मी खोळ शिवायला घेतली. दोनदा उसवून परत शिवली.

निघायच्या आदल्या दिवशी गजूभाऊंनी माळ्यावरून पोत्यात गुंडाळलेल्या गाडीच्या मूळच्या, उंच स्प्रिंगा काढल्या आणि त्या चढवल्या. गाडी एकदम वर उठली. धोतर वर खोचून चिखलात उतरलेल्या माणसासारखी दिसायला लागली. पोरं तर हसून लोळली. गजूभाऊंनी तिच्याकडे दहा पावलं मागं जाऊन बघितलं नाही. कळशी भरली, सरळगावला जाऊन आले, सीटवर हात फिरवला, ती कोरडी लागली, आणि सुमनताईंना म्हणाले, "चल, उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर सुमनताई आणि मी. ओटीचं सामान घ्यायला कुणीतरी हवं म्हणून मला नेलं. भोपळ्याच्या जागी मी, एवढंच. माझे गुडघे हनुवटीला लागले होते आणि सुमनताईंचा कोपर माझ्या बरगडीत. जाताना आम्ही दोघी प्रत्येक स्पीडब्रेकरला उतरलो. त्या अडचणीतून बाहेर येणं म्हणजे एक बाळंतपणच होतं. गजूभाऊंना म्हटलं, आता स्प्रिंगा उंच आहेत ना? ते दार उघडून उभे राहिले.

म्हशाला विहीणबाई दारातच उभ्या होत्या. लाल गाडी बघून त्यांचा चेहरा आक्रसला. माझ्या मनात आलं, आता इथंच काहीतरी होणार. ओटी भरली, जेवणं झाली, गजूभाऊंनी दोन घासही खाल्ले नाहीत. निघताना विहीणबाई गाडीपाशी आल्या. वाकून आत बघितलं. सीट हातानं दाबली. पट्ट्यावरची माझी खोळ चिमटीत धरून बघितली. मग आत गेल्या आणि स्वतःची उशी घेऊन आल्या. ती रेश्माच्या पाठीशी लावली आणि म्हणाल्या, "सावकाश जा, दादा."

गावाबाहेर पडता पडता पहिला स्पीडब्रेकर आला. गजूभाऊंनी गाडी थांबवली. आम्ही दोघी मागं सवयीनं पिशव्या चाचपायला लागलो. ऊन रणरणत होतं. रेश्मानं विचारलं, काय झालं? सुमनताईंनी सांगितलं, हे उतरवतात. रेश्मा बापाकडे बघत राहिली. मागं एका ट्रॅक्टरनं हॉर्न दिला.

"मी नाय उतरणार," रेश्मा म्हणाली.

गजूभाऊंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मला मागून त्यांची मान दिसत होती, घामानं निथळलेली.

"बाबा, तेव्हा गाडीनं काय नाय झालं," ती हळू म्हणाली. "मला माहितीय. आत्तापण काय नाय व्हायचं. चला तुमी."

ट्रॅक्टरनं परत हॉर्न दिला. गजूभाऊंनी गिअर टाकला. मी सुमनताईंचा हात घट्ट धरला होता, की त्यांनी माझा, ते आठवत नाही. पुढचं चाक चढलं, उतरलं. मागचं चढलं, उतरलं. मला तर कळलंसुद्धा नाही, इतकं ते अलगद झालं. रेश्माच्या मांडीवर ओटीचा नारळ होता, तो जागचा हलला नाही.

पन्नास हात पुढं जाऊन गजूभाऊंनी गाडी सावलीत घेतली, फडकं घेतलं आणि उतरले. मागच्या चाकापाशी खाली बसले ते बराच वेळ उठेनात. मला वाटलं, घासलं की काय कुठं? म्हणून मी काचेतून वाकून बघितलं. ते गाडीखाली बघतच नव्हते. चाकाला टेकून बसले होते आणि तेलकट फडकं तोंडावर धरलं होतं. खांदे हलत होते.

मी उतरायला निघाले, तर सुमनताईंनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

"बघू दे त्यांना," त्या म्हणाल्या. "काय तरी वाजलं असंल."

रेश्मानं काच खाली केली. कुणीच घाई केली नाही.