एकशे बेचाळीस सूचना

एका जंगलात, मुलांनो, दिगंबरराव नावाचे साळिंदर राहत होते. ते रोज वही लिहीत. स्वतःच्या पाठीवरचा काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि लिहायचं. एक काटा पानभर पुरे. मग दुसरा.

तुम्ही म्हणाल, उपटलेला काटा पुन्हा उगवतो. उगवतो, पण फार सावकाश. दिगंबररावांना हे ठाऊक होतं. वहीत तशी नोंदही होती.

त्यांच्या लेकीला, ओवीला, डोंगरापलीकडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. विषय कंदमुळं. राहायचं वसतिगृहाच्या बिळात. वाटेत खिंड, आणि खिंडीत तरस.

दिगंबररावांनी नवी वही काढली. पहिली सूचना लिहिली : 'संकट आल्यास बाबांच्या आड उभं राहावं.' ती त्यांना इतकी आवडली, की त्यांनी तिच्याखाली रेघ मारली. रेघेत अर्धा काटा गेला.

"पण बाबा, तिथे तुम्ही नसणार," ओवी म्हणाली.

"तत्त्व म्हणून लिहिलंय."

मग एकेक सुचत गेलं. ओली छत्री उघडी ठेवावी, मिटलेली वाळत नाही (अनुभव). मेतकूट पहिल्याच दिवशी मैत्रिणींत वाटून संपवू नये. बिळाचं दार आतून लावावं.

"दार आतून लावायचं हे दोनदा आलंय," ओवी वही चाळत म्हणाली.

"एक आत आल्यावर. एक झोपताना."

असे पंधरा दिवस गेले. एकदा दिगंबररावांच्या बायको, कमळाबाई, त्यांच्या मागून चालल्या होत्या. त्या थबकल्याच.

"अहो, पाठ बघा तुमची! सोललेल्या सुरणासारखी दिसतेय. पुरे करा आता."

"'ताप आल्यास' राहिलंय अजून."

"तिला ताप आला तर ती मला विचारेल. तुम्हाला ताप आला की तुम्ही तिलाच विचारता."

हे मात्र दिगंबररावांनी लिहून घेतलं नाही.

जायचा दिवस उजाडला. कमळाबाईंनी लेकीच्या हातावर दही घातलं. दिगंबररावांनी वही ठेवली. एकशे बेचाळीस सूचना, शेवटी अनुक्रमणिका.

"खिंडीपर्यंत सोडायला येतो," ते म्हणाले. "वाटेत उजळणी होईल."

साठाव्या सूचनेला तरस आडवा आला.

"ओवी, सूचना पहिली!" दिगंबरराव ओरडले. ओवी गुणाची. मुकाट्यानं त्यांच्या आड उभी राहिली. दिगंबररावांनी तरसाकडे पाठ केली, अंग फुगवलं आणि जोरात झटकलं.

काहीच वाजलं नाही.

"काका, आजारी होतात का?" तरसानं विचारलं आणि जीभ ओठांवरून फिरवली.

तेव्हा ओवी बाबांच्या आडून बाहेर आली. पाठ फिरवली. काटे उभे केले. सगळी खिंड खडखडली. मग ती उलट्या पावलांनी तरसाच्या अंगावर चालून गेली.

"निघतो, ताई," तरस म्हणाला आणि खरंच निघाला.

दिगंबररावांनी घाईघाईनं वही उघडली. "हे कितव्या सूचनेत आहे?"

"कुठल्याच नाही. तुम्हाला करताना बघितलंय, बाबा. लहानपणी. तेव्हा तुम्ही एवढं लिहीत नव्हता."

दिगंबररावांनी अनुक्रमणिकाही पाहिली. नव्हतं.

"आता तुम्ही या पाठीनं एकटे परत कसे जाणार?" ओवी म्हणाली.

ती त्यांना घरापर्यंत सोडायला आली. वही त्यांच्याच हातात राहिली. कमळाबाईंनी पुन्हा दही घातलं. ओवी पुन्हा निघाली, या वेळी एकटी. उंबऱ्यापाशी वळून म्हणाली, "दार आतून लावून घ्या, बाबा."

दार लावलं. तरी थंडीत पाठीला वारा लागतो माझ्या. म्हणजे, दिगंबररावांच्या.

तात्पर्य : सूचना लिहायला स्वतःचे काटे कधीही वापरू नयेत. मुलांचे उपटावेत. शहाणे आईबाप तसंच करतात, आणि त्यांची मुलं घर सोडून कुठेही जात नाहीत.