ब्लाजोची उलटी घासाघीस

ब्लाजो न्याहारीची मक्याच्या पिठाची घट्ट काचामाक ताटात तशीच टाकून गोठ्यात गेला, तेव्हाच इकोनियाने ओळखलं, काहीतरी बिघडलंय. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात दुखणं आलं, मरण आलं, कमरेएवढा बर्फ पडला. पण या माणसाने काचामाक कधी सोडली नव्हती. दुधाची चरवी घेऊन ती मागोमाग गेली आणि दाराशीच थबकली. ब्लाजो गाईच्या कपाळाला कपाळ टेकवून बोलत होता.

"बावीसशे युरो जास्त दिले गं, शारूल्या. बावीसशे! गाढव तरी असं वागेल का?"

गाईने नुसता कान हलवला.

"गाढव नाही वागणार," इकोनिया दारातून म्हणाली. "गाढवाला आज्याचा अभिमान नसतो."

ब्लाजो दचकला. आदल्या दिवशी तो छपराची कौलं सांगायला तीन हजार युरो खिशात घालून चेतिन्येला गेला होता. आला तो कौलांशिवाय. कोटाखालून त्याने हातभर लांब जुनं गासर रिव्हॉल्व्हर काढलं, भिंतीवर टांगलं आणि छाती काढून म्हणाला, "तीन हजार!" इकोनियाने तेव्हा त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण आता हे बावीसशे ऐकून तिने चरवी खाली ठेवली.

"दुकानदाराने किती सांगितले होते?"

"आठशे."

"मग तीन हजार कोणी सांगितले?"

ब्लाजो गाईकडे बघत म्हणाला, "मी."

जुन्या राजाच्या काळी आपल्या डोंगरात प्रत्येक गड्याच्या कमरेला गासर हवंच, अशी रीत होती. त्यामुळे आजही घरोघरी एक टांगलेलं असतं. शेजारच्या पुनिशाची आई तर त्याच्या मुठीने अक्रोड फोडायची. मोकळी भिंत एकट्या ब्लाजोची. त्याच्या आज्याने लढाईच्या वर्षी, दुष्काळात, ते पिस्तूल मक्याच्या दोन पोत्यांवर देऊन टाकलं होतं. पाच पोरं त्या मक्यावर जगली. ब्लाजोचा बाप त्यातलाच. पण हे पुनिशाला कोण सांगणार? त्याला एवढंच ठाऊक, की ब्लाजोच्या घरात पिस्तूल नाही.

आणि चेतिन्येच्या त्या जुन्या वस्तूंच्या दुकानात नेमका पुनिशाच होता. ट्रॅक्टरचा पट्टा घ्यायला म्हणून ब्लाजोबरोबर आला होता. वासो नावाच्या त्या तरुण दुकानदाराने किंमत सांगितली, तसा पुनिशा म्हणाला, "आठशे? घेऊन टाक ब्लाजो. तुमच्या घराण्याला आठशेचं पुष्कळ झालं."

"बाराशे," ब्लाजो म्हणाला.

"काका, मी आठशे म्हणालो," वासो म्हणाला.

"कळलं. माझ्या आज्याच्या पिस्तुलाला आठशे? बाराशे घे."

"हे तुझ्या आज्याचं कुठाय?" पुनिशा हसला.

"त्याच्या जागी लागणार, म्हणजे त्याचंच! दोन हजार."

"देवाशपथ काका, एवढे मला नकोत."

"नकोत? माझे पैसे नकोत? अडीच हजार!"

बिचारा वासो जितकं नको म्हणे, तितका ब्लाजो चढे. खिसाच संपला म्हणून तो तीन हजारांवर थांबला. नाहीतर वासोला दुकान उघडं टाकून पळावं लागलं असतं.

हे सगळं ऐकल्यावर इकोनियाला राग आला. चांगला खणखणीत आला. पण त्या रागाच्या मागून आणखी काहीतरी आलं, कौतुकासारखं, ते मात्र तिने तिथल्या तिथे शेणाखाली दाबून टाकलं. गडी स्वतःविरुद्ध बोली लावतो! अशी जात आता जन्माला येत नाही, आणि येत नाही तेच बरं.

"परत कर," ती म्हणाली.

"पुनिशाच्या देखत घेतलं, आणि परत?"

"महिन्यात पाऊस लागेल, मग बर्फ. छप्पर गळतंय, ब्लाजो."

"छप्पर गळतं ते घरात, इकोनिया. अब्रू गळते ती गावात."

इकोनियाने चरवी उचलली. हे वाक्य तिचंच होतं. तीस वर्षांपूर्वी पुनिशाच्या बायकोला तिने ते ऐकवलं होतं.

बुधवारी वासोची मोटार धापा टाकत डोंगर चढून आली. पोरगा आजारी दिसत होता. चेतिन्येच्या कॉफीच्या दुकानांत त्याला 'म्हातारे लुटणारा' म्हणायला लागले होते, आणि घरी आईने त्याचं जेवण वाढणं बंद केलं होतं. ब्लाजोने त्याला खुर्ची दिली, इकोनियाने राकियाची बाटली, चीज आणि धुरावलेलं मांस आणलं. मोटारीचा आवाज आला म्हणजे पुनिशा यायचाच. तोही येऊन बसला.

तीन प्याले झाल्यावर वासोने जाड पाकीट ताटाशेजारी ठेवलं.

"काका, तुमचे बावीसशे. मला झोप लागत नाही."

ब्लाजोने पाकिटाकडे पाहिलं. भुकेलं वासरू गाईकडे बघतं तसं पाहिलं. हात नुसता लांब करायचा होता.

"घे रे ब्लाजो, घे," पुनिशा मांस चावत म्हणाला. "गरजवंताला कसली आलीय लाज!"

झालं. ब्लाजो उभा राहिला. त्याच्या मिशा थरथरल्या. "माझ्या छपराखाली बसून, माझं मीठ खाऊन मला भीक घालतोस?" तो वासोला म्हणाला. तेवढ्यात बाहेर सर आली, आणि त्याच छपरातून एक थेंब टपकन पाकिटावर पडला. ब्लाजोने पाकीट पुसलं, वासोच्या खिशात कोंबलं आणि गरजला, "कमी पडले असतील तर तसं सांग!"

इकोनिया वासोला ओसरीवर घेऊन गेली. पोरगा रडायच्या बेताला आला होता.

"काकू, मी काय करू? ते घेत नाहीत, मला ठेववत नाहीत."

"रडू नकोस. तुझ्या बायकोला बाळ झालं म्हणे?"

"तीन आठवडे झाले. मुलगी."

"कूम ठरला?"

कूम म्हणजे लेकराचा धर्मबाप, आणि मग दोन्ही घरं एकमेकांना कूमच म्हणतात. रक्ताचा भाऊ एक वेळ परका होईल, कूम होत नाही. 'कूम हो' म्हटलं तर नाही म्हणता येत नाही, आणि कूमाने दिलेली वस्तू परत करता येत नाही. केली तर सात पिढ्यांचा अपमान.

"नाही ठरला," वासो म्हणाला, आणि मग त्याचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"मग आत जा, टोपी काढ आणि त्याला विचार. आणि पैसे नकोत. त्या बावीसशेंची कौलं पाठव. लाल, चांगली भाजलेली. टिचकी मारली की घंटेसारखी वाजली पाहिजेत."

वासो आत गेला. ब्लाजोने त्याला पोटाशी धरलं, गालांचे तीन मुके घेतले आणि स्वतःच रडायला लागला. पुनिशाची राकिया घशात अडकली. चेतिन्येच्या दुकानदाराने ब्लाजोला कूम करावं, आणि तेही त्याच्या डोळ्यांदेखत!

शनिवारी कौलांचा ट्रक आला.

"कूमाने पाठवलीत," ब्लाजो गंभीरपणे म्हणाला. "आता परत कशी करणार? रीत आहे."

"रीत आहे," इकोनिया म्हणाली आणि पुढे एक अक्षर बोलली नाही. तिला हे आयुष्यात फार वेळा जमलेलं नव्हतं. आठ दिवसांत छप्पर झालं. छप्पर मिळालं, पिस्तूल आठशेतच पडलं, नवऱ्याची मान ताठ राहिली. गोठ्यात एकटी असताना ती स्वतःवरच खूश होऊन दोनदा हसली.

पुढल्या रविवारी बाप्तिस्मा झाला. वासोच्या अंगणात लांब टेबलं, कोकराचं मांस, पन्नास माणसं. ब्लाजोने आपल्याकडचा माणूस म्हणून पुनिशालाही नेलं होतं. हे सगळं पाहायला तो हवाच होता. कूमाने भेट द्यायची वेळ आली. इकोनियाने पिशवीतून चांदीचा क्रूस काढला, तोच ब्लाजो उठला. कोटाखाली हात घातला आणि ते हातभर लांब गासर काढून बाळाच्या पायाशी ठेवलं.

वासो पांढरा पडला. कौलं पाठवून त्याने मोठ्या कष्टाने हिशेब मिटवला होता, आणि आता आठशे त्याच्याकडेच असताना पिस्तूलही वाजतगाजत त्याच्याच घरी परत आलं होतं; ते आता जन्मात विकताही येणार नव्हतं. त्याने केविलवाणेपणाने इकोनियाकडे पाहिलं. इकोनियाने ताटाकडे पाहिलं. परत न करायची रीत तिनेच त्याच्या गळ्यात घातली होती.

ब्लाजो खाली बसला. तिच्या कानाशी लागून म्हणाला, "दुसरं काही मला शोभलंच नसतं गं. रागावलीस?"

ती रागावलीच होती. छप्पर तेवढं राहिलं; आठशे युरो गेले, आणि पिस्तूलही गेलं. शेणाखाली दाबलेलं ते काहीतरी याच वेळी उफाळून वर आलं. पण ते तोंडाशी यायच्या आधी पलीकडून पुनिशा खाकरला.

"आठशेचं पिस्तूल दिलं, आणि तोरा बघा केवढा!"

चव्वेचाळीस वर्षं अंडीसुद्धा मोजून विकणाऱ्या इकोनियाने काटा खाली ठेवला आणि डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"आठशेचं? पुनिशा, आमचा कूम आहे तो. तीन हजारांच्या खालचं आम्ही काही देत नाही."

ब्लाजोने बायकोकडे असं पाहिलं, जसं लग्नाआधीही कधी पाहिलं नव्हतं.

"तीन कसले!" पुनिशा उसळला. "जास्तीत जास्त..."

"चार," इकोनिया म्हणाली.

वासोने झटक्यात पिस्तूल उचललं, सगळ्यांचे घाईघाईने आभार मानले, आणि काकू पाचावर जायच्या आत ते आत नेऊन ठेवलं.