आधी प्रत, मग मेल

"कंपनीचा एकही मेल हरवणार नाही!" असं मी भर सभेत म्हणालो. इतक्या ठामपणे मी आयुष्यात एकदाच बोललो आणि तेवढंच भोवलं.

कंपनी म्हणजे पिंपळवंडीच्या द्राक्षबागायतदारांची, आणि मी निवृत्त ग्रंथपाल. "नाना, तुमाला जपून ठेवायची सवयच हाय," म्हणत व्यवस्थापक वैजयंतीताईंनी मेलचा सर्व्हर माझ्या गळ्यात घातला. ग्रंथालयात नोंद झाल्याशिवाय पुस्तक कुणाच्या हाती जात नसे. सर्व्हरलाही मी तीच शिस्त लावली. आधी मेलची प्रत संग्रहात, मगच मेल माणसाला!

परवा संग्रह तुडुंब भरला. सभासदांनी एकेका घडाचे फोटो पाठवलेले, एकेक फोटो भरल्या पाटीएवढा जड! जागा नाही म्हणून प्रत नाही, प्रत नाही म्हणून मेल नाही. पोट भरलेल्या म्हशीसारखा सर्व्हर बसला तो बसलाच.

दारात कंटेनर उभा, शीतगृहात माल तयार. परदेशी व्यापाऱ्याची लेखी मंजुरी मेलनं यायची होती, ती येईना, आणि तिच्याशिवाय माल भरता येईना.

"नाना, मेल?"

"येईल, ताई..."

"कवा? त्यो म्हणतो सकाळीच धाडला. आता फोन बी उचलंना!"

कंटेनरचा ड्रायव्हर भिका बशीत चहा ओतत म्हणाला, "ताई, मला महाळुंगे पडवळचं भाडं हाय. चहा संपला की मी निघालो बघा!"

मी घाईघाईनं जुने फोटो पुसले. जागा झाली! पण रांगेत थांबलेले मेल आत घुसले. सभासद गेणभाऊंच्या नातवाच्या बारशाचे फोटो, सगळ्या पंगतींसकट! संग्रह पुन्हा भरला.

"फोटो पाठवू नका" असा सगळ्यांना मेल लिहिला. तोही अडकला. त्याचीही प्रत निघायची होती ना!

"ती प्रतीची अट बंद करा, नाना!"

"पण मग व्यापाऱ्याचा मेल संग्रहात राहणार नाही..."

"द्राक्षं बी न्हाई राहत, सडत्यात!"

भिकानं रिकामी बशी खाली ठेवली. अट काढणं चूक, की न काढणं? डोळे मिटून फक्त व्यापाऱ्याच्या मेलपुरती अट काढणारं बटण दाबलं.

मंजुरी धाडकन आली! "भरा रं!" ताई ओरडल्या. कंटेनर भरून गेला. लोकांनी माझी पाठ थोपटली.

मला मात्र चैन पडेना. एवढ्या संग्रहात एकच भोक, तेही सगळ्यांत मोलाच्या मेलचं! तो नंतर उचलून आत ठेवता आला असता. पण दारातून नोंद होऊन न आलेल्या प्रतीला मी प्रत मानत नाही. म्हणून फोटो साफ केले, अट पुन्हा लावली आणि व्यापाऱ्याला लाजत लाजत लिहिलं, "आणखी एकदा मंजुरी दिल्यास उपकार होतील."

उत्तर लगेच आलं. "दुसऱ्या कंटेनरलाही मंजुरी. उद्याच पाठवा!"

ताईंनी ते वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. "बागा मोकळ्या झाल्या, नाना. आता कंटेनर कशानं भरू? बारशाच्या फोटोंनी?"

या मेलची प्रत मात्र व्यवस्थित निघाली आहे, एवढंच मी पुटपुटलो.