चष्मेवाल्यांचा भिंगाचा धडा

लेकीने जेवणाच्या टेबलावर विज्ञानाचं पुस्तक उघडलं आणि विचारलं, "बाबा, बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर वीस सेंटिमीटर आहे. वस्तू तीस सेंटिमीटरवर ठेवली, तर प्रतिमा कुठे मिळेल?"

चष्मेवाल्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. ही त्यांची जुनी सवय. अडलं की चष्मा पुसायचा. आधी डावी काच, मग उजवी, मग परत डावी. तोवर समोरचा माणूस कंटाळून दुसऱ्या विषयावर जातो, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता.

इतिहासात अडले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. पण भिंग! वीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाने भिंगात अडायचं म्हणजे हलवायाने साखर ओळखायला नकार देण्यासारखंच. खरी गोष्ट अशी होती की दुकानातलं मशीन नंबर काढायचं आणि काचा बाहेरून घासून यायच्या. चष्मेवाल्यांच्या हातात होती ती फ्रेम. बसक्या नाकावरून कुठली घसरणार नाही, गोल चेहऱ्याला कुठली शोभेल, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. काचेतून प्रकाश पलीकडे जाताना काय काय करतो, ते मात्र त्यांनी त्या प्रकाशाला कधी विचारलं नव्हतं.

"लगेच सांगितलं तर तुझं डोकं कसं चालणार?" ते म्हणाले. "आज तू प्रयत्न कर. उद्या बघू."

"बरं," म्हणत लेक पाणी प्यायला उठली.

"सांगून टाका की," आतून बायको म्हणाली. "दिवसभर भिंगातच तर असता."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या चष्मेवाल्यांनी फोनवर 'गृहपाठ कट्टा' शोधून काढला. तिथे मुलं गणित आणि विज्ञानातले प्रश्न टाकायची आणि ज्यांना येतात ती मुलं उत्तरं द्यायची. फक्त विद्यार्थ्यांसाठी, असं वर ठळक लिहिलं होतं. चष्मेवाल्यांनी इकडेतिकडे बघितलं. दुकानात त्यांच्याखेरीज फक्त फ्रेमा होत्या. त्यांनी इयत्तेत 'दहावी' लिहिलं, आणि टोपणनाव म्हणून, समोर पडली होती ती वस्तू, 'पेन्सिल'.

मग त्यांनी प्रश्न टाकला: "महोदय, खालील उदाहरण सोडवून द्यावे, ही नम्र विनंती."

'उणेअधिक' नावाच्या कुणाचं तरी उत्तर आलं. "तू खरंच दहावीत आहेस का रे? असं कोण लिहितं?"

चष्मेवाल्यांनी घाईघाईने लिहिलं, "सॉरी यार."

"ठीक आहे. पण मी नुसतं उत्तर देत नाही. आकृती काढलीस? काढ आधी, मग बोलू."

अशा रीतीने चष्मेवाले काउंटरवर वाकून पट्टीने किरण काढू लागले. एक गिऱ्हाईक आलं, फ्रेमा बघून उभं राहिलं, दोनदा खाकरलं. "एक मिनिट हं, होमवर्क चाललाय," चष्मेवाले बोलून गेले आणि कानापर्यंत लाल झाले. तीनदा खोडून आकृती जमली. उणेअधिकने लिहिलं, "शाब्बास. आता लक्षात ठेव, अंतरं भिंगापासून मोजायची, आणि डावीकडची सगळी उणे. वस्तू बिचारी डावीकडेच उभी असते, म्हणून तिच्या नशिबात कायम उणे."

चष्मेवाल्यांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते पाठच केलं. संध्याकाळी टेबलावर लेकीला समजावताना त्यांनी तेच वाक्य हातवारे करून म्हटलं. लेकीचा घास हातातच राहिला.

"बाबा, हे कुठून काढलंत?"

"अनुभवातून," चष्मेवाले म्हणाले, आणि चष्मा न पुसता जेवले.

मग तो रोजचाच क्रम झाला. लेक संध्याकाळी विचारायची, चष्मेवाले 'उद्या' म्हणायचे, सकाळी पेन्सिल कट्ट्यावर जायची आणि उणेअधिक तिला टोक काढून परत पाठवायची. उणेअधिक मुलगी आहे हे एव्हाना कळलं होतं. एकाच पुस्तकातून शेकडो मुलं तेच प्रश्न विचारत असल्यामुळे कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. कट्ट्याची एक कटकट मात्र होती. एका धड्यात एकदा प्रश्न विचारला की त्या धड्यातलं प्रत्येक उत्तर, कुणालाही दिलेलं असो, आपल्या फोनवर 'टिंग' करून येऊन पडायचं. ते बंद कसं करायचं, हे काही चष्मेवाल्यांना सापडलं नाही.

एकदा उणेअधिकने सहज विचारलं, "तू घरी का नाही विचारत? बाबा नाहीत का?"

काय लिहावं? चष्मेवाल्यांनी बराच विचार करून खरं तेच लिहिलं. "आहेत. पण त्यांना काही येत नाही. नुसता आव आणतात."

उणेअधिकचं उत्तर आलं: "माझ्या बाबांनाही येत नाही. पण मी त्यांना तसं कळू देत नाही. गणित आधी सोडवून ठेवते आणि मग त्यांना विचारते. त्यांना शिकवायला फार आवडतं रे. तूही तुझ्या बाबांना असं बोलू नकोस."

ते वाचून चष्मेवाल्यांना अगदी भरून आलं. काय गुणाची पोर! आणि कसला तो बाप! पोटच्या पोरीने दया करावी आणि या गृहस्थाला पत्ताही नसावा. असा माणूस लोकांत तोंड कसं दाखवत असेल, असं मनाशी म्हणत त्यांनी दुकानाचं शटर ओढलं.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण त्याच आठवड्यात लेकीच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई चष्म्याचा सैल झालेला स्क्रू आवळून घ्यायला दुकानात आल्या. स्क्रू आवळून, नमस्कार करून गप्प बसायचं, तर चष्मेवाल्यांना राहवलं नाही.

"भिंगाचा धडा चाललाय ना? मुलं उण्याला फार घाबरतात हो बाई. मी तर लेकीला सांगतो, वस्तू बिचारी डावीकडेच उभी, तिच्या नशिबात कायम उणे!"

बाई बघतच राहिल्या. "किती सोपं करून सांगता! अहो, शनिवारी पालकांची सभा आहे. मुलांचा अभ्यास घरी कसा घ्यावा यावर कुणीतरी बोलायला हवंच होतं. तुम्हीच या. भिंगाचा धडा फळ्यावर समजावून द्या."

चष्मेवाल्यांचा हात चष्म्याकडे गेला. पण बाई तोच होकार धरून निघूनही गेल्या होत्या.

बायकोने ही बातमी सगळ्या जिन्याला सांगितली आणि निळ्या शर्टाला कडक इस्त्री केली. लेक मात्र पांढरीफटक पडली.

"बाबा, जायलाच हवं का?"

"का? तुला माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे हो. पण तुमचा घसा बसलाय असं सांगू का बाईंना? मी सांगते ना."

"माझा घसा ठणठणीत आहे," चष्मेवाले म्हणाले. लेक पाणी प्यायला उठली.

शनिवारी वर्ग पालकांनी गच्च भरला. मुलं मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसली होती, लेकही त्यांतच होती. सुरुवात झकास झाली. चष्मेवाल्यांनी चष्म्यांच्या गमती सांगितल्या. नंबर लपवून लग्न जमवलेल्या एका नवरदेवाने मांडवात भलत्याच बाईला नमस्कार केला, त्यावर लोक मनापासून हसले. उणेवालं वाक्य झालं, त्याला टाळ्या पडल्या. आता आभार मानून खाली बसावं, असा त्यांचा बेत होता. एवढ्यात पुढच्या बाकावरचे बेकरीवाले उभे राहिले.

"एक करून दाखवा की फळ्यावर. पोरगं घरी विचारतं, आम्हाला सांगता येत नाही."

"हो, हो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच फळ्यावर लिहिलं: नाभीय अंतर वीस सेंटिमीटर, वस्तू दहा सेंटिमीटरवर, प्रतिमा कुठे?

चष्मेवाल्यांनी पाहिलं. तीसवरची वस्तू त्यांनी केली होती, चाळीसवरचीही. ही दहावर, भिंगाच्या अगदी नाकाशी येऊन उभी होती. त्यांनी चष्मा काढला. डावी काच पुसली, उजवी पुसली, परत डावी पुसली. पण इथे विषय बदलायला कुणी तयार नव्हतं. सगळे शांतपणे बघत होते. पहिल्या रांगेत बायको कौतुकाने बघत होती, आणि ते सगळ्यांत कठीण होतं.

मग त्यांच्या हातून खडू पडला, म्हणजे त्यांनी तो पाडला. टेबलाखाली वाकून त्यांनी खिशातून फोन काढला आणि उणेअधिकला लिहिलं: "नाभीय वीस, वस्तू दहावर. प्रतिमा कुठे? लवकर सांग. सगळ्यांसमोर अब्रू जातेय."

मागच्या बाकांवर कुठेतरी 'टिंग' वाजलं.

टेबलाखालून चष्मेवाल्यांना बाकांखालच्या पायांची रांग दिसत होती. ते हळूच वर आले. सगळी मुलं फळ्याकडे बघत होती. एकटी लेक मान खाली घालून फोनकडे बघत होती. तिने मान वर केली. फळ्यावरचं गणित वाचलं, परत फोन वाचला, आणि मग बापाकडे पाहिलं. तिचा चेहरा बघून चष्मेवाल्यांना एका क्षणात सगळं समजलं. कसला तो बाप, असं ज्याच्याबद्दल म्हणालो तो गृहस्थ निळा इस्त्रीचा शर्ट घालून इथे उभा आहे, हेही समजलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. पण वर्गाची फरशी चांगलीच पक्की होती.

लेक भराभर काहीतरी लिहू लागली.

टिंग. चष्मेवाल्यांचा फोन वाजला.

टिंग. बेकरीवाल्यांच्या खिशातही वाजलं. टिंग, टिंग. खिडकीजवळच्या दोन आयांच्या पर्समध्ये वाजलं. मग भिंतीकडच्या रांगेत, मग दाराशी उभ्या असलेल्या शिंप्याच्या गळ्यातल्या पाऊचमध्ये. अर्धा वर्ग टिंगटिंगू लागला. सर्वांत शेवटी, टेबलावर ठेवलेल्या बाईंच्या पिशवीतून अगदी स्पष्ट 'टिंग' आलं.

ज्यांचे फोन वाजले त्यांनी सवयीने ते उघडले आणि वाचलं:

"बाबा, आधी चष्मा पुसणं थांबवा. उत्तर उणे वीस येतं. उणे आलं म्हणून घाबरू नका, प्रतिमा वस्तूच्याच बाजूला आहे, सुलटी आणि दुप्पट मोठी. पेपर वाचायला दुकानात जे भिंग विकता ना, तेच हे."

चष्मेवाल्यांच्या हातात चष्मा आणि शर्टाचं टोक तसंच होतं. ज्यांनी वाचलं त्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग एकमेकांच्या हातांतल्या फोनकडे पाहिलं, आणि मग सगळे एकदम छताकडे बघू लागले.

"मुलाचा फोन आहे," बेकरीवाले कुणी न विचारता म्हणाले. त्यांचं पोरगं मागून ओरडलं, "माझा तर घरी आहे!"

बाईंनी पिशवीत हात घालून काहीतरी दाबलं. "आपण," त्या म्हणाल्या, "आता चहा घेऊ या का?"

एरवी चष्मेवाले तेवढ्यावर सुटले असते. पण त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "थांबा," ते म्हणाले. "हे मला येत नाही. आजवर जे येतंय असं वाटलं, ते मागे बसलेल्या माझ्या लेकीने शिकवलं. ते उणेवालं वाक्यही तिचंच आहे." आवाज फुटेना, म्हणून ते खाली बसले. घसा आता खरंच बसला होता.

घरी परतताना बायको बरीच पुढे चालत होती. इस्त्रीचा राग तिच्या चालण्यात दिसत होता. बाप आणि लेक मागून येत होते.

"तुम्ही माझी उत्तरं चोरून वाचता, असं वाटलं होतं मला," लेक म्हणाली. "पण पेन्सिल तुम्ही असाल असं नव्हतं वाटलं."

चष्मेवाल्यांनी चालायचा वेग कमी केला.

"राग आला होता मला त्या पेन्सिलचा. आपल्या बाबांबद्दल असं लिहितात का?"

"खरं तेच लिहिलं होतं गं."

"असू दे. पुन्हा लिहायचं नाही."

"नाही लिहिणार," चष्मेवाले एखाद्या दहावीतल्या मुलासारखे म्हणाले. त्यांना फार लाज वाटत होती, आणि लेकीने हात धरला तेव्हा ती आणखी वाढली.

दोन दिवस टेबलावर पुस्तक आलं नाही. तिसऱ्या दिवशी लेकीने ते आणलं, इकडचं तिकडचं चाळलं आणि अगदी सहज विचारलं, "बाबा, नाभीय अंतर पन्नास सेंटिमीटर असलं, तर भिंगाची शक्ती किती?"

शक्ती म्हणजे चष्म्याचा नंबरच, शंभर भागिले पन्नास, दोन नंबर. अधिक दोन. दिवसाला चार तरी विकतो की आपण! उत्तर चष्मेवाल्यांच्या अगदी जिभेवर आलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"नाही बुवा येत," ते म्हणाले. "तूच शिकव."

लेक त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "चष्मा नाही पुसलात."

चष्मेवाल्यांनी निमूटपणे चष्मा काढला आणि पुसायला घेतला.