मिसिंग अजून आहे

नवरा आंघोळीला गेला आणि जेवणाच्या टेबलावर त्याचा फोन गुरगुरला. दुसऱ्याचा फोन वाचू नये हे तिलाही कळत होतं. पण फोनच जर उताणा पडून पोट उघडं टाकत असेल, तर माणसाने डोळे ठेवायचे कुठे? त्यातून तिचे डोळे साधे नव्हते. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे नंबर तपासायची, आणि सासरी तिला सगळे 'दुर्बीण' म्हणायचे. सासू कौतुकाने, नणंद आदराने आणि नवरा ती घरात नसताना.

मेसेज 'दातांचे डॉक्टर' यांचा होता.

'मिसिंग अजून आहे. सकाळी जास्त. तुम्ही येत नाही म्हणून होतंय. संध्याकाळी या, लांब राउंड मारू.'

दुर्बिणीने तो दोनदा वाचला. मिसिंग म्हणजे नसलेलं. दातांच्या डॉक्टरला काय नसलेलं दिसणार? दात. इथपर्यंत तिचं मन अगदी निर्मळ होतं. नवरा टॉवेल गुंडाळून, शीळ घालत बाहेर आला.

"अहो, आ करा."

"काय?"

"आ करा म्हणते ना."

लग्नाला अठरा वर्षं झालेला माणूस असल्या वेळी कारण विचारत नाही. त्याने आ केला. तिने पर्समधली छोटी बॅटरी काढून वरची ओळ पाहिली, खालची पाहिली, दाढांच्या मागेसुद्धा डोकावली. एकही दात गेलेला नव्हता. पाणीखात्यात कारकुनी करूनही माणसाने बत्तिशी शाबूत ठेवली होती.

"तुम्ही दातांच्या डॉक्टरकडे जाता का हो?"

नवऱ्याचं तोंड पटकन मिटलं. "अधूनमधून. दाखवून घेतलेलं बरं असतं."

"अख्खे दात?"

"अख्खे आहेत तोवरच दाखवावेत," असं म्हणून तो शर्ट शोधायला आत पळाला. आणि दुर्बिणीच्या मनात पहिला खडा टुपकन पडला.

मागच्याच गल्लीत नणंद राहायची. तिने सारी हयात शाळेत इंग्रजी शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतरही कुणाचं चुकलेलं वाक्य ती तशीच जाऊ देत नसे. दुर्बिणीने मेसेज तोंडपाठ म्हणून दाखवला. नणंदेने डोळे मिटले.

"'मिस' या शब्दाला पुष्कळ अर्थ आहेत. चुकणे, हुकणे, कुमारिका, आणि आठवण येणे. आता इथे चुकणे बसत नाही. हुकणे बसत नाही."

"कुमारिका बसते का, वन्सं?"

"बसली असती. पण पुढे 'इंग' लागलंय. इंग लागलं की क्रिया चालू असते. कुमारिका चालू नसते, आठवण येणं चालू असतं." तिने डोळे उघडले. "आणि 'अजून आहे' म्हणतेय. म्हणजे जुनं आहे, अगं."

"सकाळी जास्त, असंही आहे."

"सकाळी एकटं माणूस रिकामं असतं."

"पण नाव तर दातांच्या डॉक्टरचं आहे!"

"हीच तर अक्कल आहे. बायको कुणाचाही मेसेज उघडून बघेल, दातांच्या डॉक्टरचा बघेल का? माझा भाऊ दिसतो तसा नाही. लहानपणी मांजर पाळलं होतं त्याने, आम्हाला महिनाभर पत्ता नव्हता."

संध्याकाळी नवरा गाल धरून उभा राहिला. दर रविवारी संध्याकाळी तो पाय मोकळे करायला जायचा, आज दाढ ठणकतेय म्हणाला. जाताना त्याने कोपरावर विरलेला जुना शर्ट घातला, आणि दुर्बिणीला क्षणभर हायसं वाटलं. असल्या शर्टात कोण कुणाला भेटायला जाईल? तिने लगेच नणंदेला फोन लावला.

"जुना शर्ट?" नणंदेचा आवाज खोल गेला. "मग प्रकरण मुरलंय. नवं असतं तर इस्त्री केली असती."

दोन तासांनी तो परतला. केस वाऱ्याने विस्कटलेले, नखं काळी आणि चेहऱ्यावर असा आनंद की लग्नाच्या फोटोतही तो एवढा खूश दिसत नव्हता. दाढ ठणकणारा माणूस दोन पोळ्या जास्त जेवला. दुर्बीण समोर बसून त्याचं चावणं बघत राहिली. दोन्ही बाजूंनी चावत होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन पुन्हा गुरगुरला. या वेळी तिने लाज सोडून सरळ फोटोच काढून घेतला.

'काल गरम झाल्यावर मिसिंग गेलं. मस्त पळाली. पण आता इथे ठेवता येणार नाही, जागेचा मालक ओरडतो. आज घेऊन जा.'

"पळाली!" नणंद किंचाळली. "कुणाच्या तरी घरून पळालीय ती. खोली भाड्याने घेऊन राहिलीय, आणि घरमालक हाकलतोय."

"आणि हे तिला घेऊन जाणार. पण कुठे, वन्सं?"

"कुठे म्हणजे? माणूस शेवटी घरीच आणतो."

दुर्बिणीने मनातल्या मनात घर मोजलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मधल्या खोलीत शिवणयंत्र होतं. ते खिडकीशी सरकवलं तर एक पलंग बसेल, एवढा विचार करून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण सवतीची झोपायची सोय लावतोय, आणि मग मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने दुकानात अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

कचेरी सुटायच्या वेळी दोघी समोरच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या. पुढच्या दाराने सगळं पाणीखातं बाहेर आलं; नवरा आला नाही. तो मागच्या दाराने केव्हाच गेला होता, आणि फोन बंद. आता उरला एकच धागा. गावात दातांचे दवाखाने दोनच होते.

पहिल्याला कुलूप होतं. दुसऱ्यात काउंटरवर एक मुलगी बसली होती, तरुण आणि दिसायला बरी. दुर्बिणीने तिला डोक्यापासून नखापर्यंत तपासलं.

"पेशंट कोण?" मुलीने विचारलं.

आता 'आम्ही टेहळणीला आलोय' असं काही सांगता येत नाही. नणंद बाणेदारपणे म्हणाली, "मी."

"मी आत जाऊन खोलीन् खोली बघते," असं तिने भावजयीच्या कानात सांगितलं आणि ती गेली. आतमध्ये एकच खोली होती, आणि त्या खोलीत टक्कल पडलेले, नातवंडं असलेले एक डॉक्टर होते. त्यांनी नणंदेला खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं, आणि ती काही विचारणार एवढ्यात, "अरे, हा तर पिकलेलाच आहे," असं म्हणत पुढचा हलणारा दात काढून तिच्या हातावर ठेवला.

नणंद बाहेर आली तेव्हा तोंडात कापसाचा बोळा होता आणि डोळ्यांत पाणी.

"काही कळलं, वन्सं?"

"तो इफे नाही," नणंद म्हणाली.

अंधार पडत आला होता. नवरा घरी नव्हता, फोन बंदच. दुर्बिणीचा राग आता पातळ होऊन त्यात भीती मिसळायला लागली. पळालेल्या मुलीचे भाऊ असतात. भावांच्या हातात काठ्या असतात. दोघींनी सरळ पोलीस चौकी गाठली.

चौकीत एक पोक्त हवालदार चहात बिस्किट बुडवत बसले होते.

"माफा भाऊ मिफिंग आहे," नणंद म्हणाली.

"काय आहे?"

"मिफिंग! मिफिंग!"

"त्यांचा भाऊ मिसिंग आहे," दुर्बिणीने उलगडून सांगितलं. "म्हणजे माझे हे. पण तसे ते मिसिंग नाहीत हो. मिसिंगकडे गेलेत."

हवालदारांचं बिस्किट चहात बुडालं. "बाई, एक काय ते ठरवा. तो मिसिंग आहे की नाही?"

"तिला यांचं मिसिंग आहे. सकाळी जास्त असतं. काल गरम झाल्यावर गेलं होतं, पण ती पळाली."

"कोण पळाली?"

"तेच तर शोधायला आलोय!"

हवालदारांनी फोनवरचा फोटो हातात घेतला, लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "मला काही दिसत नाही," ते म्हणाले. दुर्बीण सवयीने म्हणाली, "तुमचा नंबर वाढलाय, दुकानावर या कधीतरी." एवढ्यात दारात धावत आलेल्या पावलांचा आवाज झाला आणि दोघी भिंतीशी सरकल्या.

कोपरावर विरलेला शर्ट, घामाघूम चेहरा आणि मागे तेलकट कपड्यांतला एक धिप्पाड माणूस. बायको भिंतीशी आहे हे नवऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो सरळ टेबलाला जाऊन भिडला.

"साहेब, मिसिंगची तक्रार घ्या!"

"पुन्हा?" हवालदार म्हणाले. "आता कोण मिसिंग?"

"ती!" नवऱ्याने टेबलाची कड धरली. "बाजाराजवळ पाच मिनिटं उभी केली होती. यांना बोलवून आणेपर्यंत गेली."

"वय?"

"बावीस."

भिंतीशी दुर्बिणीने नणंदेचा दंड इतका घट्ट आवळला की कापसाचा बोळा बाहेर यायचा बाकी राहिला.

"तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून. लग्नाआधीपासून, साहेब. बायकोला वाटतं मी तिला केव्हाच सोडली. पण नाही हो जमलं. या मामांकडे ठेवली होती गुपचूप."

"लग्नाआधी!" दुर्बीण कडाडली. "ती चार वर्षांची होती तेव्हापासून?"

नवरा वळला. चेहऱ्यावरचा रंग जो उडाला तो थेट चौकीच्या छताला चिकटला.

"तू इथे कशी?"

"मी कशी ते राहू दे. कोण आहे ती?"

हवालदारांना या बाबतीत घाई नव्हती. ते वर्णन लिहीत होते. "रंग?"

"निळा," मागचा धिप्पाड माणूस म्हणाला. "पुढचा मडगार्ड बदललेला, काळा आहे. आणि मिसिंग आहे थोडं."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं.

"स्कूटर?" दुर्बीण म्हणाली. "आपली ती स्कूटर? जिने मला माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाला भर रस्त्यात उतरवून चालत जायला लावलं होतं? ती तुम्ही भंगारात दिली म्हणालात ना?"

"द्यायलाच नेली होती," नवरा चपलेकडे बघत म्हणाला. "पण भंगारवाल्याने तिला पायाने ढकललं. मला बघवेना."

"आणि मिसिंग?"

"अहो वहिनी, इंजिन मध्येच एक ठोका खातं," धिप्पाड मामा म्हणाले. हे गॅरेजचे मामा, आणि फोनमधले दातांचे डॉक्टर. "फट, फट, फट, मग गप्प, मग फट. त्यालाच आमच्यात मिसिंग म्हणतात. थंड असली की जास्त. रोज चालवली की जातं. मी साहेबांना सांगतो या म्हणून, तर तुमच्या धाकाने येत नाहीत."

नणंदेने तोंडातला बोळा काढला, हातरुमालात गुंडाळला, आणि खिडकीबाहेर पाहिलं. कापसाने तोंड बंद असल्याचं तिला आजच्याइतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि आता तोही आधार गेला.

हवालदारांना काहीतरी आठवलं. "निळी, काळ्या मडगार्डची? संध्याकाळी आमच्या गाडीने एक उचलून आणलीय खरी. गल्लीच्या तोंडावरच लावलेली होती. मागे बघा."

मागच्या अंगणात, जप्त केलेल्या सायकलींच्या घोळक्यात ती उभी होती, मान वाकडी करून. नवरा धावला आणि त्याने तिच्या सीटवरून हात फिरवला. दुर्बीण लांबूनच बघत राहिली. बाई नाही, स्कूटर आहे. खरं तर आनंदाने नाचायला हवं होतं. पण कुठेतरी खुपलंच. आपल्या पाठीवरून या माणसाने असा हात शेवटचा कधी फिरवला होता?

"न्या," हवालदार म्हणाले. "फक्त ज्याच्या नावावर आहे त्या मालकाची सही लागेल. तुमच्याच नावावर आहे ना?"

नवऱ्याचा सीटवरचा हात थांबला.

"अहो, बोला की," दुर्बीण म्हणाली. तिची नजर बारीक झाली. "कुणाच्या नावावर आहे?"

नवऱ्याने हळूच मान वळवली. सगळ्यांची नजर तिकडे गेली. तिथे नणंद उभी होती.

"माफ्या?" नणंद म्हणाली.

"ताई, तेव्हा मी शिकत होतो. नोकरी तुला होती. तूच घेऊन दिलीस. नंतर नाव बदलू, नंतर बदलू म्हणत राहून गेलं."

दुर्बिणीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. गेल्या दोन दिवसांचं सगळं व्याकरण तिच्या डोळ्यांपुढून सरकून गेलं.

"म्हणजे वन्सं," ती सावकाश म्हणाली, "ही सगळी भानगड तुमच्या नावावर आहे!"

नणंदेने सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने आधी न वाचता सही केली. स्कूटर काही सुरू झाली नाही. नवऱ्याने किक मारली, मामांनी मारली, हवालदारांनीही हौस भागवून घेतली. शेवटी मामा, "सकाळी बघतो," म्हणून निघून गेले आणि घरापर्यंत ढकलत न्यायचं ठरलं. हँडल धरायला कुणीतरी हवं होतं. मालकीण म्हणून नणंद सीटवर बसली, ताठ. भाऊ आणि भावजय मागून ढकलू लागली.

रस्ता चढाचा होता. नवरा तिच्या जरा जवळ सरकला. ती बाजूला झाली नाही.

"रागावलीस?"

"नाही."

"खरंच?"

"स्कूटरवर कोण रागावतं?" ती धापा टाकत म्हणाली. मग थोड्या वेळाने, अगदी सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, "किती वेळा जायचात तिच्याकडे?"

"रोज नाही गं. आठवड्यातून दोनदा, फार तर. कचेरी सुटल्यावर. रविवारी मामांचं गॅरेज बंदच असतं."

दुर्बिणीचे पाय थांबले.

"मग दर रविवारी संध्याकाळी तुम्ही जाता कुठे?"

नवऱ्याने मान खाली घालून, दोन्ही हातांनी, सगळा जीव लावून एकट्यानेच स्कूटर ढकलायला सुरुवात केली, आणि पुढे सीटवर नणंद खूश होऊन म्हणाली, "फाबाफ! आता कफी पळतेय बघ!"