मोटारीतून उतरलेली टोपी

थाळी वाजली तेव्हा आनंदा मोरीत होता आणि त्याच्या डोक्याला साबण होता.

घोडपदेवच्या त्या चाळीत थाळी वाजण्याचा अर्थ त्या वर्षी एकच होता. चाळीच्या तोंडाशी मोटार आली आहे आणि मोटारीत पांढरी टोपी आहे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. मंत्री किंवा मंत्र्याचा माणूस इकडे फिरकला, की चाळ काळी निशाणं घेऊन खाली उतरायची. निशाणं छत्र्यांच्या कापडाची होती. सगळ्या बिऱ्हाडांनी आपापल्या छत्र्या उसवून कापड दिलं होतं. पावसाळ्यात काय करायचं, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर आनंदानेच त्याला फितूर ठरवलं असतं.

कारण ही सगळी बांधणी आनंदाची. चाळीत रात्रशाळा चालवायची, म्युनिसिपालिटीकडे नळासाठी खेटे घालायचे, कुणाला मिलमधून काढलं तर युनियनच्या कचेरीत जाऊन भांडायचं, हे त्याचे उद्योग. निशाणांचे नियमही त्यानेच केले होते. पांढऱ्या टोप्या चाळीतही पुष्कळ होत्या, म्हणून पहिला नियम असा, की पायी आलेली टोपी आपली आणि मोटारीतून उतरलेली टोपी सरकारची. दुसरा नियम, टोपी नजरेआड होईपर्यंत निशाण खाली करायचं नाही. आणि तिसरा नियम, ज्याचा त्याला फार अभिमान होता, तो असा: "मी स्वतः येऊन सांगितलं तरी निशाण खाली करायचं नाही." पलीकडच्या गल्लीतल्या पुढाऱ्याला पोलिसांनी धरून नेलं होतं आणि त्याच्याच तोंडून भोंग्यावर "घरी जा" असं वदवून घेतलं होतं. आपल्या चाळीत तसं होऊ द्यायचं नाही, असं आनंदाने ठरवलं होतं. चाळीने तिन्ही नियम पाठ केले होते.

जिन्यावरून धावणारी पावलं ऐकून आनंदा साबणातल्या साबणात खूष झाला. तेवढ्यात दाराशी दुर्गावहिनीची हाक आली. ती त्याच्या थोरल्या भावाची, रामजीची बायको.

"भावजी, लवकर या! टोपी आलीय! गोरापान म्हातारा हाय, मिनिष्टरच असणार!"

आनंदाने दोन तांबे ओतले, पंचा गुंडाळला आणि गॅलरीत येऊन खाली पाहिलं. पाहिलं आणि कठडा घट्ट धरला. खाली मोटारीत रमाकांतराव नाबर बसले होते.

आता हे नाबर म्हणजे गिरगावातल्या एका लोकसेवक मंडळाचे अध्यक्ष. सामाजिक न्यायासाठी झटू पाहणाऱ्या, पुढे पुढारी होतील अशा तरुणांना हे मंडळ वर्षभराची शिष्यवृत्ती देत असे. खाण्याराहण्याची सोय, जाणत्या माणसांच्या हाताखाली काम, मजुरांचे कायदे, कुळांचे कायदे, सगळं शिकवायचे. आनंदाचा जीव या शिष्यवृत्तीवर जडला होता. ती मिळाली नाही, तर एक तारखेपासून त्याला मिलमध्ये कापडाच्या साच्यावर उभं राहायचं होतं. रामजीने मिलमध्ये माणसं भरणाऱ्या जॉबरला तसा शब्द देऊन ठेवला होता, आणि आनंदानेही नाइलाजाने मान हलवली होती. मुलाखत झाली होती. आता नाबर चाळीत येऊन त्याचं काम बघणार आणि मग निकाल. ते दुपारी चारला येणार होते. शेजारची रखमाबाई पोहे करणार होती, दारात रांगोळी पडणार होती. पण सजवलेली चाळ बघण्यात अर्थ नाही, असं नाबरांचं मत असल्यामुळे ते सकाळीच आले. मुलाखतीच्या वेळी ते आपल्या घरात उघड्या डोक्याने बसले होते. बाहेर पडताना ते टोपी घालत असतील, हा विचार आनंदाच्या मनाला शिवलाही नव्हता.

तो तसाच पंच्यावर खाली धावला.

"निशाणं खाली! अरे, खाली करा! आपले पाहुणे आहेत हे!"

एकही निशाण खाली आलं नाही. मग थाळी काखेत मारून कुशाबा पुढे आला. मिलमधून निवृत्त झाल्यापासून चाळीच्या तोंडाशी बसून पहारा करणं हीच त्याची नोकरी होती.

"बघा रे," तो हळू आवाजात म्हणाला, "आला. नियम तिसरा."

"बिचाऱ्याला धरलं वाटतं," रखमाबाई कळवळून म्हणाली.

"कोणी धरलं? मी मोरीतून येतोय!"

"मोरीतनंच धरलं असणार. अंगावर कपडा पण घेऊ दिला नाय मेल्यांनी!"

झालं. आतापर्यंत नुसतं "परत जा, परत जा" चाललं होतं, त्यात आता "आनंदाला सोडा!" ही घोषणा मिळाली. मोटारीच्या मागेही माणसं उभी राहिली. आनंदा हात जोडून एकेकापुढे जाऊ लागला. जितका तो काकुळतीला येई, तितकी लोकांची खात्री पटे, की पोलिसांनी याला भयंकर दम दिलेला आहे. शेवटी त्याने भावाला गाठलं. रामजी पहिल्या रांगेत, सगळ्यांत लांब काठीचं निशाण घेऊन उभा होता.

"दादा, तू तरी सांग ना यांना!"

"मी काय सांगू?" रामजी समोर बघत म्हणाला. "मागच्या वेळी ह्या नियमापायी खांद्यावर लाठी खाल्ली मी. तेव्हा तूच म्हणालास, दादा, हटायचं नाय. आता हट म्हणतोस. कुठल्या आनंदाचं ऐकू?"

आनंदा मागे फिरला. तो मोटारीच्या खिडकीशी गेला.

"साहेब, माफ करा. फक्त एकदा टोपी काढाल का?"

नाबरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. ओला पंचा, कानात साबण. "टोपी? मुला, इंग्रजांच्या सोजिरांनी ही टोपी काठीने उडवली होती. मी वाकून उचलली आणि परत घातली. ती मी तुझ्या छत्र्यांना भिऊन काढू?"

"मग मोटार कोपऱ्यावर ठेवून पायी याल? पायी आलेली टोपी चालते."

"गुडघा धरलाय माझा. जिना चढायचा म्हणूनच तर मोटारीने आलो."

"मग साहेब, आज परत जा आणि उद्या..."

"पाहणी केल्याशिवाय परत जायचं नाही, हा मंडळाचा नियम आहे. आणि उद्या नावं जाहीर होणार. तुझी पाहणी झाली नाही, तर तुझं नाव बाद."

तीन नियम चाळीचे होते, एक टोपीचा आणि एक मंडळाचा. या सगळ्यांच्या मधोमध आनंदा मोटारीच्या पायरीवर मटकन बसला.

"तू पुढारी ना यांचा?" नाबरांनी आतून विचारलं. "मग तुझं ऐकत का नाहीत?"

"माझंच ऐकतायत, साहेब," आनंदा रडवेला होऊन म्हणाला. "म्हणून तर ऐकत नाहीत."

इतक्यात दुर्गावहिनी त्याचा सदरा घेऊन गर्दीतून आली. दीर गारठतोय हे तिला वरून बघवलं नव्हतं. सदरा देता देता ती पुटपुटली, "भावजी, खरं सांगा. धरलंय का तुम्हाला?"

"नाही गं वहिनी. हे शिष्यवृत्तीवाले आहेत. चारला यायचे ते आत्ता आले."

"अगं बाई!" दुर्गावहिनीचा हात तोंडावर गेला. मग तिने एकदा रामजीकडे पाहिलं, एकदा कुशाबाकडे पाहिलं. यांना समजावण्यात हशील नाही, हे तिला ठाऊक होतं. घरात तिने दोघा भावांना बारा महिने झेललं होतं. "नियम काय म्हणतो? टोपी नजरेआड झाली पायजे. काढलीच पायजे असं कुठं हाय त्यात?"

"म्हणजे?"

"पाहुणा आला की आपण काय बांधतो?"

आनंदाच्या डोक्यात प्रकाश पडला, पण तोवर ती निघूनही गेली होती. आली ती लेझीमवाल्या पोरांच्या ट्रंकेतला गुलाबी फेटा घेऊनच. ती खिडकीशी वाकली.

"बाबा, टोपी राहू द्या डोक्यावर. वरनं फेटा बांधला तर चालंल का?"

नाबरांनी विचार केला. टोपीवर फेटा बांधू नये, असं त्यांचं कुठलंच तत्त्व सांगत नव्हतं. "सत्कार म्हणून बांधत असाल तर हरकत नाही," ते म्हणाले.

चाळीत फेटा बांधावा तर कुशाबानेच. त्यामुळे पहारेकऱ्यालाच पुढे व्हावं लागलं. त्याने निशाण बगलेत धरलं, थाळी रखमाबाईकडे दिली आणि "हलू नका हां, शेट" असं दटावून अध्यक्षांच्या डोक्याभोवती पीळ द्यायला सुरुवात केली. टोपीचं शेवटचं टोक गुलाबी कापडाखाली गेलं, तसा तो मागे सरला आणि गर्दीकडे वळला.

"टोपी दिसते का कुणाला?"

"नाय!"

"निशाणं खाली!"

सगळी निशाणं एकदम खाली आली. त्यानंतर नाबरांना जिना चढावा लागलाच नाही. "परत जा" म्हणून ज्यांचा घसा बसला होता, त्यांनीच त्यांना खुर्चीत बसवून वर नेलं. रखमाबाईने घाईघाईत पोहे परतले. नाबरांनी रात्रशाळेची खोली बघितली, फळा बघितला, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला नमस्कार केला, नळाची हकीकत ऐकून घेतली. पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. आपलं नाव बाद झालं, हे आनंदाने ओळखलं. एक तारीख जवळच होती.

निघताना मोटारीत बसल्यावर नाबरांनी फेटा परत द्यावा म्हणून उचलून काढला. खालून पांढरी टोपी निघाली. त्याबरोबर हातातल्या पोह्यांच्या बश्या खाली ठेवून अख्ख्या चाळीने निशाणं वर केली.

"अरे देवा!" आनंदाने कपाळावर हात मारला.

आणि नाबर हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसले. "आनंदा," ते म्हणाले, "पुढारी मी पोत्याने पाहिलेत. लोक त्यांचं ऐकतात आणि ते शब्द फिरवतात, मग लोकही त्यांच्याबरोबर फिरतात. पुढाऱ्याने शब्द फिरवला तर त्यालाच दाद न देणारी माणसं मी आज पहिल्यांदा पाहिली. ती तू तयार केलीस. एक तारखेला गिरगावात ये."

रामजीने जॉबरला काय सांगितलं ते कळलं नाही. पण त्या दिवशी निशाण खाली ठेवून त्याने धाकट्या भावाच्या कानातला साबण आपल्या बाहीने पुसला, हे सगळ्या चाळीने पाहिलं.

वर्ष संपत आलं तेव्हा आनंदा पहिल्यांदा घरी यायला निघाला. बरोबर रात्रशाळेसाठी पुस्तकांचे गठ्ठे होते, म्हणून मंडळाने मोटार दिली. निघताना नाबरांनी आपल्या हाताने त्याच्या डोक्यावर खादीची टोपी ठेवली. मोटार चाळीच्या तोंडाशी थांबली, आनंदा खाली उतरला आणि थाळी वाजली.

जिन्यावर पावलं धडधडली. समोर काळी निशाणं उभी राहिली. पहिल्या रांगेत रामजी होता.

"अरे, मी आनंदा!"

"आम्ही कुठं नाय म्हणतोय?" कुशाबा गंभीरपणे म्हणाला. "पण टोपी मोटारीतनं उतरलीय."

आनंदाचा हात टोपीकडे गेला आणि तिथेच थांबला. म्हाताऱ्याने ठेवलेली टोपी काढवेना, आणि निशाणं खाली करा असं सांगण्यात तर काहीच अर्थ नव्हता. तो नुसता उभा राहिला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत दुर्गावहिनी आली. तिच्या हातात तोच गुलाबी फेटा होता, धुतलेला आणि इस्त्री केलेला.

"वहिनी, मी टोपी घालून येणार हे तुला कसं कळलं?"

"कुठलं कळतंय? टोपी असती नसती, फेटा बांधायचाच होता. सकाळपास्नं गॅलरीत घेऊन बसलेय."

कुशाबाने फेटा बांधला. जरा जास्तच घट्ट बांधला. मग मागे सरून चाळीला विचारलं, "टोपी दिसते का कुणाला?"

"नाय!" चाळ ओरडली.

आनंदाला तर काही वेळ कुणीच दिसत नव्हतं. त्याने डोळे पुसायला हात वर केला, पण त्याआधीच रामजीची बाही पुढे आली होती.